शब्दांची यादी आणि शब्दांचा वावर

चि. भाचीस,

परदेशी विद्यापीठातल्या प्रवेशाच्या जीआरई परीक्षेसाठी अवघड इंग्रजी शब्दांची भलीमोठी यादी आणून तू रोज घोकंपट्टी करतेस आणि तरी ‘पुढचं पाठ, मागचं सपाट’ होतं, असं तुझ्या आईकडून कळलं. स्मरणशक्तीला बोल लावू नकोस. गडबड पद्धतीत आहे.

आधी परीक्षाच नीट बघ. पूर्वी जीआरईत सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी विचारत, शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखायला सांगत. ऑगस्ट २०११मध्ये हे दोन्ही प्रकार बंद झाले. आता उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात, किंवा एकाच वाक्यात बसतील आणि अर्थही सारखाच ठेवतील असे दोन शब्द निवडायचे असतात. शब्द कुठल्या वाक्यात शोभतो हे ज्याला कळतं, त्याचा इथे निभाव लागतो. नुसता अर्थ पाठ असलेला अडतो.

मग शिकायचे कोणते? न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६मध्ये याचा हिशोब मांडला. कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायचं, तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. डेव्हलप, डेव्हलपर, डेव्हलपमेंट हे सगळं मिळून एक कुटुंब. आकड्याने दबकू नकोस. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा विद्यापीठीय मजकूर तपासून २००० साली अवघ्या ५७० कुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. अभ्यासाच्या पुस्तकांतला साधारण दर दहावा शब्द त्या यादीतला निघतो. ‘ॲम्बिग्युअस’, ‘आर्बिट्ररी’, ‘कोहेरंट’, ‘इन्हेरंट’ ही त्यातली मंडळी. रोजच्या बोलण्यात ती फारशी भेटत नाहीत, पण पुढे परदेशी विद्यापीठात पानोपानी भेटतील. ती पक्की झाल्यावर दुर्मीळ शब्दांकडे वळ.

आता घोकण्याचं. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात २००८मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह दिले होते. एकदा आठवलेला शब्दही जे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी तो नुसता परत परत वाचला, त्यांची मजल ३५ टक्क्यांच्या आसपासच राहिली. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, तिथेच फसगत होते. तेव्हा पान झाक आणि आठव.

यासाठी सोय जुनीच आहे. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२च्या पुस्तकात पाच कप्प्यांचा खोका सुचवला. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पडदे लावले की झालं. मोबाइलवर हेच काम ‘अँकी’ हे ॲप करतं.

कार्डावर काय लिहायचं, ते ‘मिटिगेट’वरून बघ. पुढच्या बाजूला एक वाक्य: पुराची झळ कमी करण्यासाठी बंधारा बांधला, आणि क्रियापदाच्या जागी रेघ. मागे अर्थ: तीव्रता कमी करणे. त्याखाली सोबती: रिस्क, डॅमेज, इफेक्ट्स. दुखणं किंवा गरिबी हलकी करायची असेल तर बहुधा ‘अलिव्हिएट’ येतो, हेही टिपून ठेव. आणि लाल शाईने एक इशारा: ‘अगेन्स्ट’ जोडला जातो तो ‘मिलिटेट’ला, ‘मिटिगेट’ला नाही. इंग्रजीत मुरलेले लोकही इथे घसरतात.

नॉर्मन लुईस यांचं १९४९चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आपल्याकडे अजून फुटपाथवर मिळतं. लॅटिन-ग्रीक मुळांवरून शब्द उलगडायची त्यांची रीत खरंच कामाची आहे. ‘बेने’ म्हणजे भलं आणि ‘मॅल’ म्हणजे वाईट, एवढं कळलं तरी डझनभर शब्द हाती लागतात. फक्त मुळावर आंधळा भरवसा नको. ‘मेटिक्युलस’चं लॅटिन मूळ भीतीचं आहे, आणि आज त्याचा अर्थ बारकाईने काम करणारा.

सर्वांत मोठा खड्डा वजनदार शब्दांच्या हौसेचा. साध्या राहणीला ‘सिंपल’ऐवजी ‘सिम्प्लिस्टिक’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शब्द लांब झाला की भारदस्त होतो, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात तो दूषणाचा शब्द आहे: गुंतागुंतीची गोष्ट नको तितकी सोपी करून सांगणारा. डॅनियल ओपेनहायमर यांनी तर प्रयोगच केले. तोच मजकूर उगाच अवघड शब्दांनी भरला, तेव्हा वाचकांना लेखक कमी हुशार वाटला. या कामाला २००६मध्ये साहित्याचं ‘इग नोबेल’, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं.

अर्जासोबतचा निबंध लिहून झाला की पाठव. जिथे जिथे असा पाहुणा शब्द घुसलेला दिसेल, तिथे पेन्सिलीने खूण करून परत येईल; बदल तुझा तू करायचा. तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा