बॉल गेला, तरी बॅट का फिरवायची?

सॉफ्टबॉलच्या मैदानावर एक शब्द सतत कानावर पडतो. "फॉलो-थ्रू! अगं, बॅट पूर्ण फिरव!" प्रशिक्षक ओरडतात, मुले मान डोलावतात आणि पुढच्या बॉलला बॅट पुन्हा अर्ध्यावर थांबते. चौकस विद्यार्थ्याला येथे एक शंका यायला हवी. बॉल बॅटवर आपटून केव्हाच निघून गेला. त्यानंतर बॅट खांद्यामागे गेली काय किंवा पोटाशी थांबली काय, बॉलला त्याचे काय?

शंका रास्त आहे, तेव्हा आधी तिचाच हिशेब मांडू.

सॉफ्टबॉलच्या बॉलचे वस्तुमान सुमारे १९० ग्रॅम, म्हणजे ०.१९ किलोग्रॅम असते. समजा, तो सेकंदाला २२ मीटर वेगाने तुमच्याकडे आला आणि २८ मीटर वेगाने उलट परत गेला. वेगातील बदल झाला ५० मीटर आणि संवेगातील बदल ०.१९ × ५० = ९.५ एकक. बॅट आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम एक सहस्रांश सेकंद. तेव्हा त्या क्षणी सरासरी बल झाले ९.५ ÷ ०.००१ = ९,५०० न्यूटन. जवळजवळ एका टनाच्या वजनाइतके! आता तुमच्या हातांचा जोर पाहा. तुम्ही अगदी ३०० न्यूटन बलाने बॅट ढकलत असलात, तरी त्या एक सहस्रांश सेकंदात तुम्ही बॉलला देऊ शकाल तो संवेग फक्त ०.३ एकक. म्हणजे बॉल लागतेवेळी मूठ आवळून ढकलल्याने जवळजवळ काहीच साधत नाही. बॉलला ठाऊक असतो तो आदळणाऱ्या बॅटचा वेग. त्यानंतरची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग प्रशिक्षक चुकतात का? नाही. ते सांगतात ते बरोबर असते. फक्त त्यामागचे कारण बहुधा सांगायचे राहून जाते.

समजा, एका मुलीची बॅट बॉल लागल्यानंतर अवघ्या ३० सेंटिमीटरवर थांबते. तिथे बॅटचा वेग सेकंदाला २० मीटर होता असे धरा. एवढ्या अंतरात शून्यावर यायला तिला सुमारे ०.०३ सेकंद मिळतात. पण मेंदूने 'थांब' म्हटल्यापासून स्नायू खरोखर ओढू लागेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. याचा अर्थ काय? थांबण्याची आज्ञा बॉल लागण्याच्या आधीच सुटलेली होती. उतारावर पुढचे वळण पाहून सायकलस्वार आधीच ब्रेक दाबतो, तसे तिचे स्नायू आघाताआधीच बॅटला मागे खेचू लागतात, आणि नेमक्या हव्या त्या क्षणी बॅट मंदावते. बॅट पूर्ण फिरवायची ती बॉल गेल्यानंतर काही व्हावे म्हणून नव्हे, तर बॉल लागण्याआधी ब्रेक लागू नये म्हणून.

दुसरे कारण तुमच्या खांद्याचे आहे, आणि वाढत्या वयात ते कमी महत्त्वाचे नाही. फटका हुकला तर बॅटमधली सगळी ऊर्जा तुमच्या स्नायूंनाच जिरवावी लागते. ती ८० ज्यूल आहे असे माना. ०.४ मीटरमध्ये बॅट थांबवायची तर सरासरी २०० न्यूटन बल लागेल. तीच बॅट २ मीटर फिरत जाऊन थांबली तर ४० न्यूटन पुरतील. झेल घेताना आपण हात मागे नेतो ना? तेच तत्त्व. दिवसाला शंभर वेळा बॅट फिरवणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने २०० आणि ४० हा फरक थोडाथोडका नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. बॅटला वेग येतो कोठून? बहुतेक नवशिक्यांना वाटते, दंडातून. म्हणून किरकोळ अंगाची मुले आधीच हिरमुसतात. एक प्रयोग करा. खुर्चीवर बसून बॅट फिरवा, मग उभे राहून, पुढचा पाय घट्ट रोवून फिरवा. हात तेच, दंड तेच. फरक मात्र कुणालाही दिसेल. वेगाची सुरुवात जमिनीपासून होते. पुढचा पाय रोवला जातो, मग कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी बॅट. आसूड ओढताना मूठ थोडीशीच हलते, पण टोक सणसणत जाते, तसाच हा प्रकार. जड भागाने पुढच्या हलक्या भागाला वेग द्यायचा. कंबर आणि हात एकदमच वळले, तर आसुडाची काठी होते!

यात एक चूक फार आढळते. बॅट सुरू होताच हात लांब सोडले जातात, जणू कोणी जाळे फेकत आहे. फिरणारी वस्तू अक्षापासून जितकी दूर, तितकी ती फिरवणे अवघड. अंतर दुप्पट झाले की विरोध ढोबळमानाने चौपट होतो. म्हणून सुरुवातीला हात छातीजवळ ठेवावेत, कोपरे दुमडलेली असावीत आणि कंबर वळल्यावरच हात बाहेर सुटावेत. बॅट जड वाटत असेल तर मूठ तीन-चार सेंटिमीटर वर सरकवून धरा. त्यात कमीपणा काही नाही.

"बॅट कुऱ्हाडीसारखी वरून खाली आण" हा सल्ला मात्र मला पटत नाही. का, ते पाहा. महिलांच्या सामन्यात पिचर होम प्लेटपासून १३.११ मीटरवर उभी असते, पण पाऊल पुढे टाकून बॉल सोडत असल्याने त्याला सुमारे साडेअकरा मीटरच जायचे असते. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने त्याला ०.४६ सेकंद लागतात. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे एक मीटर खाली ओढते. म्हणून कमरेच्या उंचीवर सुटलेला बॉल कमरेच्या उंचीवर यायचा, तर तो किंचित वर फेकावा लागतो आणि तुमच्यापाशी तो सुमारे ५ अंशांनी उतरत येतो. बॅटही तितकीच, अगदी किंचित, चढत गेली की दोघांचा मार्ग एक होतो. मग वेळेचा अंदाज थोडा चुकला तरी बॅट बॉलच्या वाटेवरच असते. कुऱ्हाडीच्या घावाने बॅट ती वाट एकाच बिंदूत छेदते. तो बिंदू साधला तर साधला!

शिक्षकांसाठी एक गोष्ट येथे सांगायला हवी. फटका डोळ्यांना दिसत नाही इतका झटकन होतो, पण त्याचा शेवट निवांत पाहता येतो, आणि तो बरेच काही सांगतो. बॅट पुढच्या खांद्याच्या आसपास, थोडी वर जाऊन थांबली आणि खेळाडू तोलात उभी असेल, तर मधले बहुधा ठीक झाले आहे. ती मागच्या पायावर कलंडली, तर वजन पुढे आलेच नव्हते. मनगटे लवकर उलटून बॅट खाली वळली, तर बॉल जमिनीवर सरपटत जाणार. आणि हनुवटी पाहा. उजव्या हाताच्या खेळाडूची हनुवटी सुरुवातीला डाव्या खांद्याशी असते. डोके न हलता अंगच फिरले, तर शेवटी ती उजव्या खांद्याशी येते. हनुवटी वर उचललेली दिसली, तर बॉल किती लांब गेला हे पाहण्याची घाई झाली होती!

सराव उभ्या बॉलवर करावा. कमरेइतक्या उंचीच्या दांडीच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा बसवला की बॉल ठेवायला स्टँड तयार. आधी बॅट निम्म्या वेगाने, पण शेवटपर्यंत फिरवायची आणि शेवटच्या स्थितीत तीन आकडे मोजेपर्यंत स्थिर राहायचे. तोल जात नसेल तरच वेग वाढवायचा. चहूबाजूंनी तीन-चार मीटर कुणी उभे नाही ना, ते प्रत्येक वेळी पाहायचे.

आणि बॅटवर बॉल नेमका कोठे लागावा? हे मोजून काढता येते. मुठीच्या जागी, बुडापासून सुमारे १० सेंटिमीटरवर, बॅट दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून लोंबती ठेवा, थोडी झुलवा आणि दहा दोलनांचा वेळ मोजा. मग दोऱ्याला नट बांधून साधा दोलक करा आणि त्याचीही दहा दोलने तेवढ्याच वेळात होईपर्यंत दोरा कमीजास्त करा. बॅटला १५ सेकंद लागले, तर दोरा सुमारे ५६ सेंटिमीटर भरेल. तेवढेच अंतर चिमटीपासून बॅटवर मोजून खडूने खूण करा. मित्राला लाकडी हातोडीने बॅटवर ठिकठिकाणी हलकेच ठोकायला सांगा. खुणेच्या वर ठोकले की मूठ एका बाजूला ढकलली जाते, खाली ठोकले की उलट बाजूला. खुणेवर ठोकले, तर बोटांना धक्का जाणवत नाही.