नॉर्थॅम्प्टनशायर : जोडे शिवणाऱ्यांचा जिल्हा

ज्या विल्यम केरी साहेबांनीं मराठी शुभवर्तमान छापविलें, त्यांची जन्मभूमि नॉर्थॅम्प्टनशायर होय. त्या जिल्ह्याची माहिती आजच्या पाठांत पाहूं.

भूमि.—हा जिल्हा इंग्लंडच्या मध्यभागीं आहे. त्यास समुद्रकिनारा नाहीं व मोठे डोंगरही नाहींत. सर्वांत उंच अशी आर्बरी टेकडी सुमारें ७४० फूट आहे. पश्चिमेकडील टेकड्यांत नेन नदी उगम पावते आणि नॉर्थॅम्प्टन व पीटरबरो ह्या शहरांवरून वाहत जाऊन पूर्वेकडील समुद्रास मिळते. तिच्या कांठीं गुरांस उत्तम कुरणें आहेत. जुनीं घरें व देवळें तेथील तांबूस लोहयुक्त दगडाचीं आहेत.

धंदा.—पूर्वीं येथें ओक वृक्षांचीं राजअरण्यें होतीं. गुरांपासून कातडें मिळे, नदीपासून पाणी मिळे, आणि आपल्याकडे बाभळीची साल जें काम करते तें तेथें ओकची साल करी. ह्यामुळें चामडें कमावण्याचा व जोडे शिवण्याचा धंदा वाढला. १६४२ सालीं आयर्लंडांतील फौजेसाठीं ४,००० जोडी पादत्राणें व ६०० जोडी बूट येथून मागविण्यांत आले. १४ जून १६४५ रोजीं ह्याच जिल्ह्यांत नेझबी गांवाजवळ पार्लमेंटच्या सैन्यानें राजा चार्ल्स ह्याच्या सैन्याचा मोड केला. पुढें यंत्रांचे कारखाने निघाले. विसाव्या शतकांत त्यांपैकीं बहुतेक बंद पडले.

केरी.—१७ ऑगस्ट १७६१ रोजीं पॉलर्सपरी गांवीं एका विणकराच्या घरीं केरींचा जन्म झाला. उन्हानें त्यांच्या त्वचेस विकार होई, म्हणून शेतकाम सोडून ते जोडे शिवावयास शिकले. ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं नेन नदींत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मोल्टन गांवीं ते पाळक होते, शाळा चालवीत व जोडेही शिवीत. कागद चिकटवून केलेला जगाचा नकाशा त्यांनीं भिंतीवर लाविला होता; हातांत आरी व डोळ्यांपुढें सर्व राष्ट्रें! २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें एका विधवेच्या घरीं मिशन मंडळी स्थापन झाली. त्या दिवशीं १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स इतक्या वर्गणीचें वचन मिळालें. १७९३ सालीं केरी बंगाल्यांत आले. महाराष्ट्र त्यांनीं पाहिला नाहीं. तरी वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें १८०५ सालीं मराठी व्याकरण व मत्तयाचें शुभवर्तमान, आणि १८११ सालीं नवा करार त्यांनीं छापविला.

बोध.—विलायतेंत सिडनी स्मिथ नांवाच्या पाळकानेंही मिशनऱ्यांची चांभार म्हणून थट्टा केली. तेथें कातड्यास शिवल्यानें विटाळ होत नसे. आपल्या देशांत तर त्याच कामासाठीं माणसांस गांवकुसाबाहेर ठेविलें. नासरेथाविषयीं नथनेलानें केलेला प्रश्न आठवा. ज्या हातांनीं चामड्यास टांके घातले, त्याच हातांनीं मराठी व्याकरण लिहिलें. म्हणून आपल्या शाळेंतील कोणतेंही मूल बापाचा धंदा सांगतांना मान खालीं घालणार नाहीं, अशी काळजी प्रत्येक उपदेशकानें घ्यावी. तसेंच त्या मुलापुढें जगाचा नकाशाही ठेवावा.

प्रश्न.—(१) ह्या जिल्ह्यांत जोड्यांचा धंदा कां वाढला? (२) केरींच्या भिंतीवर काय होतें? (३) आपल्या गांवांत कोणत्या धंद्यास हलकें मानितात, आणि मंडळीनें त्याविषयीं काय करावें?