बक्षिसाने अभ्यास वाढतो का?

मधल्या सुट्टीची घंटा झाली, की तुमच्या तोंडाला पाणी सुटते. घंटा काही खाण्याची वस्तू नव्हे! पण घंटेपाठोपाठ रोज डबा उघडतो, म्हणून मेंदू दोहोंची सांगड घालतो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह (1849–1936) यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत हेच दाखवले. याला अभिसंधान म्हणतात.

अमेरिकेतील बी. एफ. स्किनर यांनी पुढची पायरी गाठली. पेटीतल्या उंदराने दांडी दाबली, की अन्नाची गोळी पडे; मग उंदीर पुन्हा पुन्हा दांडी दाबू लागे. फळामुळे कृती बळावते, हे प्रबलन. फळ जितके लगेच मिळेल, तितका त्याचा जोर अधिक.

आता चोपड्याला या. गावाच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा वस्त्या आहेत. केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 1995 रोजी शालेय आहाराची योजना सुरू केली, तेव्हा आपल्या राज्यात शिजवलेले अन्न मिळत नसे. महिन्यात 80 टक्के हजेरी भरली, तर 3 किलो तांदूळ घरी नेता येई. म्हणजे पोराने डोंगर उतरून आज शाळेत यायचे आणि फळ मिळायचे महिनाअखेरीस, तेही घरच्या डब्यात! 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे शाळेतच खिचडी शिजू लागली. आजची हजेरी, आजचाच घास. (भुकेल्या मुलाच्या घासाला बक्षीस म्हणणे मला पटत नाही, तो त्याचा हक्क आहे. मेंदूचे गणित मात्र तेच.)

तुम्ही म्हणाल, मग अभ्यासालाही बक्षीस लावू या. थांबा! 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेली बालवाडीतील मुले निवडली. काहींना प्रशस्तिपत्राचे आमिष आधीच दाखवले, काहींना ते अचानक दिले, काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेने पुन्हा समोर ठेवली. आमिष दाखवलेली मुले सुमारे 9 टक्के वेळच चित्रांत रमली. बाकीची 17–18 टक्के. आवडीचे काम मजुरीचे झाले होते.

तेव्हा गुरुजी, पाढ्यांना कंटाळणाऱ्या मुलाला सुरुवातीला एखादी पेन्सिल जरूर द्या. पण जो आपणहून केळीच्या खोडाचा काप भिंगाखाली पाहत बसला आहे, त्याला फक्त विचारा, “काय दिसले रे?”