पद्मिनी आणि मारुती : एक तुलना

माझे वडील रोज सकाळी घाटकोपरहून काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी घेऊन निघत. त्यामुळे ‘सर्वांत चांगली गाडी कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात ठरलेले होते. कॉलेजात आल्यावर मात्र ते उत्तर तपासून पाहावेसे वाटले. तुलनेसाठी मी घेतली मारुती ८००.

पद्मिनीचे माहेर आमच्या शेजारचे, कुर्ल्याचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी झालेल्या करारानुसार गाड्या होऊ लागल्या. फियाट ११०० डिलाइट याच गाडीला १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. नाव बदलले, गाडी बहुतांशी तीच राहिली. परवान्यांच्या त्या काळात ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. मग कारखानदाराला सुधारणेची घाई कशी असणार?

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या चाव्या ग्राहकांच्या हाती पडल्या आणि चित्र पालटले. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ते पुढे असले तरी लांब शाफ्टद्वारे मागची चाके फिरवी. मारुतीचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. ते आडवे बसवलेले असून पुढचीच चाके फिरवी. शाफ्ट गेल्याने वजन व जागा वाचली, पेट्रोलही कमी लागले. यंत्र म्हणून मारुती सरस, हे मान्य करावेच लागते.

मग टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी का सोडली नाही? एक तर तिचा पत्रा जाड, टपावर कॅरिअर भक्कम. डिकीत सीएनजीची टाकी बसल्यावरही गावी निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा मावत. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. बॉनेट उघडले की बहुतेक भाग हाताशी येत. कार्ब्युरेटर, प्लग, पॉइंट वडील रस्त्याच्या कडेलाच साफ करीत. टॅक्सी गॅरेजात गेली की त्या दिवसाची कमाई गेली, हे आमच्या घराचे अर्थशास्त्र होते.

पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले, मारुती ८०० चे २०१४ साली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. वडील आता नवी गाडी चालवतात. ती बिघडली की बॉनेट उघडतात, पाहतात आणि पुन्हा लावून टाकतात.

म्हणून माझे उत्तर असे : मालकाला परवडणारी गाडी मारुती, चालकाला कळणारी गाडी पद्मिनी. वडिलांना यातले अर्धेच पटले आहे.