अक्काकडून एक तास मागून घे

मु. पो. वाटूर, ता. परतूर, जि. जालना

चि. भाचीस,


तुझ्या एकांकिकेचा पहिला प्रवेश मामानं दोनदा वाचला. फाट्यावर एसटीची वाट बघत बसलेल्या तिन्ही बायका खऱ्या बोलतात. तिसरी जरा जास्तच शहाणी झालीय, तिचे चार संवाद काढ. पण सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की उरलेलं आता परीक्षा झाल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी. अभ्यास, घरकाम आणि कापूस वेचणी यातून सलग वेळच निघत नाही म्हणून. हे पत्र त्या चिठ्ठीचं उत्तर आहे.

जांबसमर्थ तुमच्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यातलं गाव. लोक ते समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून ओळखतात. तिथले राजकुमार तांगडे शेतकरी आहेत आणि नाटककारही. त्यांनी लिहिलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये रंगमंचावर आलं. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, संकल्पना संभाजी भगत यांची. नाटकातले बरेचसे नट जालना जिल्ह्यातले, शेतीवर पोट असलेले. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी नाटक उचलून धरलं आणि शेतकरी नाटक करतात याचं शहरात भारी कौतुक झालं. वाटूरच्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. शेतीचं काम वर्षभर एका मापाचं कुठं असतं? मृगात पेरणीची घाई, मग खुरपणी, फवारणी, दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची काढणी, त्याला लागूनच कापूस. रात्रीची लाईट असली की दारं धरायला थंडीत रानात जायचं. मधले चार-आठ दिवस तेवढे हाती लागतात, तेही पाऊस म्हणेल तेव्हा. असं जगणाऱ्या माणसानं सलग वर्षभराच्या निवांतपणाची अट घातली असती तर एक प्रवेशही लिहून झाला नसता.

ना. धों. महानोरांचंही तसंच. सोयगाव तालुक्यातलं पळसखेड, कोरडवाहू मुलूख. जळगावला कॉलेजचं पहिलं वर्ष झालं आणि ते शेतीकडे परत आले. ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आली, ‘जैत रे जैत’ची गाणी १९७७ सालची, आणि ‘पानझड’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००० साली. मधल्या तेहतीस वर्षांत शेती होती, पाणी अडवायचं काम होतं, विधान परिषद होती. कविता या सगळ्याच्या शेजारी बसून झाली.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मामा, ही सगळी पुरुषमाणसं. बरोबर आहे, आणि अशा उपदेशात नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. अँथनी ट्रोलोप नावाचा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा. रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द काढायचा. अशा शिस्तीत त्यानं सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. लेखकांना शिस्त शिकवताना त्याचं नाव हमखास घेतात. पण त्यानंच आत्मचरित्रात नोंदवलंय की त्याला वेळेवर उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तुला पहाटे उठवणारं कोणी नाही, उलट तू उठलीस की चहा तूच ठेवायचा. म्हणून ट्रोलोपच्या शब्दांचा हिशेब तू घेऊ नकोस. त्यानं आपल्या वेळेची घरात आधी व्यवस्था लावली होती, तेवढं घे.

तुझी व्यवस्था पाच पौंडांत होणार नाही, ती तुझ्या आईशी, म्हणजे अक्काशी बोलून होईल. संध्याकाळचा एक तास, दिवेलागणीनंतर, भाकरीला बसायच्या आधी. त्या तासात तुला हाक मारायची नाही, एवढंच अक्काकडून मागून घे. तिला सगळी गोष्ट सांग. चोरून लिहिलंस तर पहिल्या पाहुण्याबरोबर तो तास जाईल. धाकट्या भावाला त्या वेळी दूध घालायला जाता येतं. त्याचे हातपाय धड आहेत.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुझ्याकडे नसेल तर मागव. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली ही बाई शाळेत गेली नाही, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. संसार, पाहुणे, आजारपणं, कर्ज यातून ती कधी मोकळी नव्हती. तरी नवऱ्याच्या मागे अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ तिनं पुरं केलं आणि मुलानं भरीला घातलं म्हणून आठवणी लिहिल्या. त्यांचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला तेव्हा तिची साठी उलटून गेली होती. भाषा पाहा, ओसरीवर बसून सांगावं तशी. मामाला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो मागे लागणारा मुलगा. पुढचं पान मागणारं एक माणूस असलं की लिहिणं थांबत नाही.

आणि माणूस एकच असावं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ‘माझी पहिली एकांकिका लवकरच’ असं टाकू नकोस. पीटर गॉलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या संकल्पाची दुसऱ्या कोणी दखल घेतली त्यांनी त्यासाठी प्रत्यक्ष काम कमी केलं. अभिनंदन झालं की काम झाल्यासारखंच वाटतं.

खाडे होणारच. वेचणीच्या दिवसांत अंग आंबून जातं, पाहुणे येतात, पेपर असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एक नवी सवय रोज पाळायला सांगितली. सवय अंगी लागायला कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधली संख्या ६६. त्यात एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तेव्हा एक खाडा झाला म्हणून वही कपाटात टाकायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन तास बसून भरपाईही करायची नाही. ठरलेल्या वेळेला नुसतं बसायचं. काही सुचलं नाही तर मागचं पान सुवाच्य उतरवून काढ.

परीक्षा सोडू नकोस, असंही सांगून ठेवतो. पगार हातात असलेल्या मुलीला घरात एक तास मागायला सोपं जातं.

दुसरा प्रवेश संक्रांतीपर्यंत मामाकडे यावा, कच्चा असला तरी चालेल. कागदाच्या एकाच बाजूला लिही, समास रुंद सोड. पुढे प्रयोग करायचा ठरला तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे अर्ज, प्रती आणि हेलपाटे मामा बघेल, तू त्यात पडू नकोस.

अक्काला नमस्कार. दूध घालणाऱ्यास आशीर्वाद.

तुझा,
मामा