आधी मायना ठरवा
(आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षांमधल्या लेखनाच्या तयारीविषयी)

माझी मावसबहीण नर्स आहे, इथेच सुरतेत एका रुग्णालयात काम करते. तिला ब्रिटनला जायचंय. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस, म्हणजे आपल्या तोंडी ‘आयल्ट्स’, या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ बँड लागतो. ताईला पहिल्या तिन्हींत दोन्ही वेळा साडेसातच्या खाली काही मिळालं नाही. लेखनात दोन्ही वेळा ६. त्या अर्ध्या बँडापायी परीक्षेची फी दोनदा गेली, आणि मावशीच्या घरच्या रोझरीत रोज एक हेतू वाढला.

दिवाळीच्या सुट्टीत ताई वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “तू लिटरेचरवाली ना? मग तूच बघ काय चुकतंय ते.”

मी वही वाचली. व्याकरणाच्या चुका होत्या, पण थोड्या. शब्दसंग्रह माझ्यापेक्षा बरा होता. तरी दहा निबंध वाचून झाल्यावर मला त्यातला एकही आठवेना. विषय म्हाताऱ्या माणसांचा असो, प्लास्टिकचा असो की मोबाइलचा, सुरुवात एकच: ‘इन दिस मॉडर्न एरा’. तिसऱ्या परिच्छेदात कुठल्यातरी नामवंत विद्यापीठाचा अभ्यास, आणि त्यात ऐंशी टक्के लोक.

“ताई, हा अभ्यास कुठला गं?”

“कुठला नाही. क्लासमध्ये सांगितलंय, काहीतरी टाकायचं. कोणी तपासत नाही.”

“आणि आठवी आज्ञा? खोटी साक्ष?”

“परीक्षेत पाप लागत नाही,” असं म्हणून ती हसली.

पाप लागतं की नाही ते फादरना विचारा. मार्क कसे जातात ते मात्र मी सांगू शकते. आपल्या मंडळातले बरेच जण अशा परीक्षांना बसणार आहेत आणि बहुतेकांचं इंग्रजी चांगलंच आहे, म्हणून हा लेख.

परीक्षक काय बघतो?

आयल्ट्सच्या लेखनाला ६० मिनिटं असतात. अ‍ॅकॅडमिक परीक्षेच्या पहिल्या कामात आलेख, तक्ता किंवा आकृती देतात. तिचं वर्णन किमान १५० शब्दांत करायचं. दुसऱ्या कामात किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचं वजन पहिल्या कामाच्या दुप्पट. गुण चार गोष्टींचे: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे, आणि व्याकरणात विविधता व अचूकता किती आहे. चौघींचा वाटा सारखा.

केंब्रिजची सी-वन अ‍ॅडव्हान्स्ड ही परीक्षा वेगळ्या घाटाची आहे. तिथे ९० मिनिटांत दोन लेखनं, प्रत्येकी २२० ते २६० शब्दांची. पहिला निबंध सक्तीचा. त्यात तीन मुद्दे दिलेले असतात. त्यातले दोन घ्यायचे, कोणता जास्त महत्त्वाचा ते ठरवायचं आणि कारण द्यायचं. दुसऱ्या भागात पत्र किंवा ईमेल, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण अशा प्रकारांतून एक निवडायचा. तिथल्या चार निकषांपैकी एक थोडक्यात असं विचारतो: हे ज्याच्यासाठी लिहिलं, त्याला शोभेल अशा रीतीनं लिहिलंय का?

आता ताईची वही या निकषांसमोर धरा. व्याकरण ठीक, शब्द ठीक. पण कोणत्याही विषयाला चालणारा परिच्छेद समोरच्या प्रश्नाचं उत्तर कसा देणार? परीक्षक असे निबंध सतत वाचतो. पाठ केलेला भाग त्याला ओळखू येतो आणि त्याचं श्रेय मिळत नाही. उरतात मधली चार-पाच वाक्यं, जी ताईची स्वतःची. गुण खरे त्यांचेच, आणि ती इतकी थोडी असतात की बँड वर सरकत नाही.

मायना आपल्याला येतो

ताईला मी पहिल्या दिवशी इंग्रजी शिकवलंच नाही. मराठीत तीन पत्रं लिहायला सांगितली. सुरतेत पाणी दोन दिवस येणार नाही, एवढाच मजकूर. एक पत्र वसईच्या आजोबांना, एक धाकट्या भावाला, एक महानगरपालिकेला.

तिनं वीस मिनिटांत लिहिली. आजोबांना ‘तीर्थस्वरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’. भावाला ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, वर ‘बादल्या भरून ठेव रे, नाहीतर बोंबलत बसशील’. पालिकेला ‘मा.’, ‘विषय’, ‘सा. न. वि. वि.’. मायना बदलला तशी खालची वाक्यंही बदलली, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. आजोबांच्या पत्रात काळजी करू नका असं आश्वासन होतं. पालिकेच्या पत्रात तारीख, वॉर्ड आणि मागणी होती.

मी म्हटलं, “ताई, हेच तर केंब्रिजवाले विचारतात. तुला येतंय की!”

शाळेत पत्रलेखनाचे मार्क मिळवायला आपण हे घोकलं आणि विसरलो. पण कोणाशी बोलताना काय म्हणायचं आणि काय गाळायचं, ही जाण भाषा बदलली म्हणून जात नाही. अहवाल वरिष्ठांना लिहायचा तर मथळे हवेत, आकडे हवेत, शेवटी शिफारस हवी. परीक्षण वाचकाला लिहायचं तर सिनेमा बघावा की नाही ते सांगायला हवं. म्हणून पेन उचलण्याआधी कोपऱ्यात तीन प्रश्न मराठीत लिहा: कोण वाचणार? त्याला काय हवंय? वाचून झाल्यावर त्यानं काय करावं?

आपल्या आधी हे कोणी केलं?

दुसऱ्या भाषेत लिहायचं म्हणजे आपण कमी पडणारच, ही भीती जुनी आहे. तिच्यावर मात केलेली दोन माणसं मला फार जवळची वाटतात.

एक फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि पुढे १६१६ मध्ये त्यांचं क्रिस्तपुराण छापून झालं, सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं. त्यांना लॅटिन येत होतं, पोर्तुगीज येत होतं. पण समोरचा श्रोता पुराण ऐकत वाढलेला होता. म्हणून त्यांनी ओवी निवडली आणि तो घाट मनापासून शिकून घेतला. श्रोता ओळखणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. हेच दादोबा १८४०च्या दशकात इथे, सुरतेत, इंग्रजी शाळेत शिकवत होते. १८४४ साली दुर्गाराम मेहता आणि इतरांबरोबर त्यांनी इथेच मानवधर्म सभा सुरू केली. मराठीचं व्याकरण लिहिणारा माणूस आपल्याच शहरात इंग्रजीचा मास्तर होता, हे समजल्यावर मला फार बरं वाटलं. दोन भाषा शेजारी ठेवून बघण्याची सवय आपल्याकडे तेव्हापासून आहे.

दोन भाषा शेजारी ठेवल्या की

ती सवय ताईच्या वहीवर लावून बघू.

पहिली गोष्ट, वाक्य कुठे संपवायचं. मराठीत ‘उठून, आवरून, डबा भरून मी निघाले’ असं एका दमात म्हणता येतं, कारण ‘ऊन’ हा प्रत्यय क्रिया जोडत नेतो. इंग्रजीत तोच ओघ आपण स्वल्पविरामांनी जोडायला जातो, आणि पूर्ण वाक्याला पूर्ण वाक्य नुसत्या स्वल्पविरामानं चिकटतं. ती तिथे चूक धरतात. यात आपला फार दोष नाही. मराठीत ही विरामचिन्हं रुळली तीच मुळी एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या प्रयत्नानं. उपाय सोपा आहे: लिहिलेलं मोठ्यानं वाचा. नवा कर्ता आणि नवं क्रियापद आलं की थांबा. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा उभयान्वयी अव्यय, यांपैकी एक हवंच.

दुसरी गोष्ट, जोडशब्द. ताईच्या वहीत जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’ किंवा ‘इन अ‍ॅडिशन’नं सुरू व्हायचं. मी तिला तेच मराठीत वाचून दाखवलं: शिवाय... तसेच... त्याचप्रमाणे... याव्यतिरिक्त... ती म्हणाली, “हे काय, सरकारी परिपत्रक आहे का?” जे मराठीत कानाला खटकतं ते इंग्रजीतही खटकतं. आधीच्या वाक्यातली गोष्ट पुढच्या वाक्यात ‘धिस’ किंवा ‘सच’ लावून उचलली तर बहुतेक ठिकाणी जोडशब्दाची गरजच पडत नाही.

तिसरी गोष्ट, ‘अ’ आणि ‘द’. मराठीत उपपद नाही. पण ‘एक माणूस आला’ आणि ‘तो माणूस आला’ यांतला फरक आपल्याला कळतो. शंका आली की मनात ‘कोणतातरी’ किंवा ‘तोच’ लावून बघा. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी सुटतं.

चाळीस मिनिटांचा हिशेब

निबंधाला साठातली चाळीस मिनिटं ठेवा. सात मिनिटं आराखडा, अठ्ठावीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं तपासणी. ताईला आराखड्याची सात मिनिटं वाया गेल्यासारखी वाटायची. खरं तर तीच सर्वांत उपयोगी ठरली.

आम्ही घेतलेला सरावाचा प्रश्न असा: शहरांनी नव्या रस्त्यांवर खर्च करावा की सार्वजनिक वाहतुकीवर? तुमचं मत द्या.

जुन्या सवयीनं ताईनं विद्यापीठाचा अभ्यास काढला. मी म्हटलं, “थांब. तुझी नाइट किती वाजता संपते?”

“आठला.”

“मग घरी कशी जातेस?”

ती बोलायला लागली. बीआरटीएसची बस उधन्याच्या दिशेनं स्वतंत्र मार्गिकेतून जाते तेव्हा बाजूच्या रस्त्यावर सगळं अडकलेलं असतं. पण स्टॉपपासून घरापर्यंत रिक्षा मिळत नाही. म्हणून बरोबरीच्या दोघींनी कर्ज काढून स्कूटर घेतल्या, आणि आता त्याही त्याच गर्दीत उभ्या असतात. चार मिनिटांत तिच्याकडे मत होतं, कारण होतं आणि मर्यादाही होती: बसवर खर्च करा, पण घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याची सोय नसेल तर माणसं पुन्हा गाडीच घेतील.

हाच तिचा आराखडा झाला. पहिल्या परिच्छेदात मत. दुसऱ्यात स्वतंत्र मार्गिकेचा फायदा, उदाहरणासह. तिसऱ्यात शेवटच्या टप्प्याची अडचण. शेवटी निष्कर्ष. निबंध २७१ शब्दांचा झाला. ‘मॉडर्न एरा’ कुठेच नव्हता आणि ऐंशी टक्केही नव्हते. वाचून झाल्यावर ताई जरा गप्प बसली. मग म्हणाली, “हे एवढं साधं चालतं?”

चालतं. स्वतःला माहीत असलेलं सांगताना वाक्यांना कारण, अट आणि अपवाद आपोआप जोडले जातात. ‘जर’, ‘तरी’, ‘जोपर्यंत’ येतात, आणि व्याकरणातली विविधता तिथूनच मिळते.

सराव

पुढच्या शनिवारच्या बैठकीला येताना एवढं करून आणा. एक: एकच बातमी तिघांना मराठीत कळवा आणि मायन्याबरोबर खाली काय बदललं ते अधोरेखित करा. दोन: त्यातलं एक पत्र इंग्रजीत लिहा, शब्दाला शब्द न लावता. तीन: आपल्या जुन्या निबंधातलं दुसऱ्या कोणत्याही विषयाला चालेल असं प्रत्येक वाक्य खोडा आणि उरलेले शब्द मोजा. ताईचे पहिल्या वेळी चौसष्ट उरले होते.

तिची तिसरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बँड किती येईल ते मी सांगू शकत नाही. मावशीच्या रोझरीतला तो हेतू अजून चालू आहे. पण परवा ताईनं रात्रपाळीवरून एका निबंधाचा फोटो पाठवला. विषय होता म्हाताऱ्या माणसांची काळजी कोणी घ्यावी. पहिल्याच परिच्छेदात तिच्या वॉर्डातल्या एक आजी होत्या, ज्या रोज संध्याकाळी मुलाच्या फोनची वाट बघतात. दोन ठिकाणी ‘द’ राहिला होता. बाकी मी पेन लावलं नाही.