रोजा आणि एकादशी
द्वितीय वर्ष कला

प्रथम वर्षाला सामान्य शिक्षणाच्या तासाला जगातील धर्मांची तोंडओळख होती. माझे वडील वारकरी. शाळा त्यांनी पाहिली नाही. ते म्हणाले, "दुसऱ्याचा धरम शिकून आपला सुटायचा न्हाई न्हवं?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

ते पुढे अभ्यासात सापडले. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. परंतु कोठारी आयोगाने (१९६४-६६) धर्माचे शिक्षण व धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला आणि दुसऱ्याची शिफारस केली. पहिल्यात श्रद्धा रुजवायची असते, दुसऱ्यात ती समजून घ्यायची असते.

समजून घेणे मात्र सोपे नाही. चाचणीत मी लिहिले, 'रोजा म्हणजे मुसलमानांची एकादशी.' सरांनी खाली तांबडी रेघ ओढली. आमच्या घरी एकादशीला साबुदाणा, भगर चालते. रमजानच्या रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. शिवाय कुराण अवतरले तो हा महिना, ही त्यामागची श्रद्धा. माझ्या मापाने मोजताना नेमके हेच निसटले. म्हणून प्रत्येक धर्म आधी त्याच्या अनुयायाच्या दृष्टीने शिकवावा, तुलना मागाहून करावी, असे मला वाटते.

सुट्टीत वडिलांना हे सांगितले. "पानीसुदिक न्हाई?" एवढेच ते म्हणाले. त्यांची एकादशी सुटलेली नाही. शेजारच्या घरी रोजा केव्हा सुटतो, हे मात्र आता ते विचारतात.